सोपाऱ्याचा स्तूप आणि खाडीचे पाणी

पालि वाङ्मयातील सुप्पारक म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा होय. 'उदान' या ग्रंथात ज्याची कथा येते तो बाहिय दारुचीरिय या नगरात समुद्रतीरी राहत असे. आज मात्र स्तूपापाशी उभे राहिल्यास समुद्र दृष्टीस पडत नाही. वसईची खाडी आणि वैतरणा यांच्या दरम्यान वसलेल्या या बंदराचे जलमार्ग कालांतराने गाळाने भरले व त्याबरोबर नगराचे वैभवही ओसरले.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरुड राजाचा कोट' या टेकाडाचे उत्खनन केले. स्तूपाच्या गर्भात दगडी पेटी मिळाली. तीत तांबे, चांदी, पाषाण, स्फटिक व सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ कांस्यमूर्ती होत्या. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी उजेडात आला; नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावजवळ सापडला. या वस्तूंना छप्पर लाभले. स्तूप मात्र उघड्यावरच आहे.

विटांच्या अशा वास्तूचा खरा शत्रू ओल हा होय. जमिनीतील खारे पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. पाणी सुकते, परंतु क्षार आतच राहून त्यांचे स्फटिक बनतात व विटेचे पापुद्रे सुटू लागतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो.

दुसरा धोका पुराचा. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आल्यास पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही. पूर्वी सखल शेते, मिठागरे व खाजणे हे पाणी सामावून घेत. तेथे भराव पडला की तेच पाणी वस्तीत शिरते. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा व वसईने हे अनुभवले. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली आहे. त्यामुळे भरतीच्या वेळचा हा अडथळा पुढे अधिकच वाढणार.

म्हणून स्तूपाभोवती कुंपण घालणे एवढ्यानेच संरक्षणाचे कार्य पूर्ण होत नाही. प्राचीन नगर त्या टेकाडापुरते मर्यादित नव्हते. त्याचे अवशेष आजच्या वस्तीखालीही असण्याचा संभव आहे. खाड्या, नाले, तळी व खाजणे मोकळी राहिली तरच स्तूपाचा पाया कोरडा राहील, आणि परिसरातील कुटुंबांची घरेही. स्तूपवंदनेस जाणाऱ्या उपासकांनी परतताना जवळचा नाला कोठे बुजला आहे तेही पाहावे व ते संबंधितांच्या निदर्शनास आणावे. हीदेखील त्या स्थानाची सेवाच होय.