फोटो काढला आणि फॉर्म कोरा

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबच्या शेतकऱ्याचं एक काम आता मोबाइलवर आलंय. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाइलवरून नोंद, सुरू झाली. बांधावर उभं राहायचं, गट क्रमांक निवडायचा, कपाशी की सोयाबीन ते भरायचं आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा.

फोटो घेणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपची खरी परीक्षा इथेच असते. 12 मेगापिक्सेलचा फोटो साठवायला तीन-चार एमबी पुरतात. पडद्यावर दाखवताना मात्र तो पूर्ण उलगडावा लागतो. प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट, पिक्सेल 1 कोटी 20 लाख. म्हणजे एका फोटोला सुमारे 48 एमबी रॅम! फोटो आधी लहान करून घेतला तर हा बोजा टळतो. ते न करणारं अ‍ॅप दोन जीबी रॅमच्या फोनवर लगेच धापा टाकतं. त्यात कॅमेऱ्यालाही रॅम हवी असते. ती कमी पडली की अँड्रॉइड मागे राहिलेलं अ‍ॅपच बंद करून टाकतं, आणि फोटो काढून परत यावं तर भरलेला फॉर्म कोरा! माहिती मध्येच जपून ठेवण्याची सोय अ‍ॅपमध्ये नसली, की उन्हात उभं राहून सगळं पुन्हा भरायचं.

दुसरं दुखणं मेमरी लीकचं. काम झाल्यावरही अ‍ॅप घेतलेली मेमरी सोडत नाही. ते पकडण्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओचं प्रोफायलर चालत्या अ‍ॅपचा आलेख काढतं. एकच स्क्रीन पुन्हा पुन्हा उघडून बंद करायची. वर गेलेली रेषा थोड्या वेळात खाली आली तर ठीक. जिन्यासारखी चढतच राहिली तर लीक आहे. स्पर्श केल्यावर पाच सेकंद प्रतिसाद आला नाही, तर अँड्रॉइड त्याचीही नोंद करतं. असे अहवाल प्ले स्टोअरमार्फत अ‍ॅप बनवणाऱ्यापर्यंत पोहोचतात.

मेमरी लीकच्या चुकीची किंमत लंडनने मोजली आहे. तिथल्या रुग्णवाहिका सेवेची संगणक यंत्रणा 4 नोव्हेंबर 1992 रोजी बंद पडली. रुग्णवाहिका पाठवण्याच्या प्रत्येक आदेशागणिक सर्व्हरची थोडी मेमरी अडकून राहत होती. सुमारे तीन आठवड्यांत ती संपली. थोडा वेळ चालवून पाहिलं असतं, तर सगळं ठीकच दिसलं असतं.

म्हणून सरकारी अ‍ॅप बनवणाऱ्यांना एकच सांगणं आहे: ऑफिसातल्या नव्या फोनवरच्या चाचणीवर थांबू नका. दोन जीबीचा जुना फोन घ्या, बोरी अरबसारख्या गावच्या शेतात जा आणि हंगामाआधी अ‍ॅप दिवसभर चालवून पाहा.