समुद्र बंद, खाडी चालू

लोणी भापकरच्या मल्लिकार्जुन मंदिराच्या आवारात दगडी यज्ञवराह उभा आहे. अंगावरच्या झुलीत विष्णूच्या बारीक मूर्ती कोरलेल्या. ज्या वराहाने समुद्रात बुडालेली पृथ्वी वर काढली, त्याला शिल्पकाराने बसवलं ते बारामतीच्या जिरायत पट्ट्यात! इथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. दापोलीत हा आकडा सहज तीन हजारांपुढे जातो. पाऊस बघायला म्हणून सह्याद्री ओलांडणाऱ्या इथल्या माणसाला कुणी वेडा म्हणत नाही.

अडचण वेगळीच आहे. पावसाळ्यात कोकणचा किनारा बस आणि बोटीने फिरायचा, तर नेमकं काय चालू असतं?

समुद्र बंद असतो. गेटवे ते मांडवा लाँच जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत थांबतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या मे सरता सरता वर ओढल्या जातात, यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी. नैर्ऋत्य मोसमी वारा थेट किनाऱ्यावर आदळतो आणि उघड्या पाण्यात लाटांना अडवणारं काही नसतं. मुंबई–गोवा मार्गावरच्या आगबोटीही पावसाळ्यात बंद असत. १९८०च्या दशकाअखेर ती सेवाच संपली. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. जुलैतला समुद्र कसा असतो, हे अलिबागकडच्या घरांना वेगळं सांगावं लागत नाही. मोठ्या रो-रो जहाजाची गोष्ट निराळी. २०२० साली सुरू झालेली भाऊचा धक्का–मांडवा सेवा पावसातही चालते, तरी फार खवळलं की तीही थांबते.

खाड्या मात्र चालू. मुखाशी डोंगराची सोंड आडवी आली की आत लाट मोडते, आणि तिथे सपाट बुडाच्या फेरीबोटी चालतात. स्थानिक त्यांना ‘जंगलजेटी’ म्हणतात. उत्तरेकडून निघालं तर राजपुरीच्या खाडीत आगरदांडा–दिघी, सावित्रीवर बागमांडला–वेशवी, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ–जयगड. दाभोळची फेरी २००३ पासूनची. त्याआधी गाडीवाल्याला समोर दिसणाऱ्या काठावर जायला खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा होता. आता दहा-पंधरा मिनिटं लागतात.

बोट टेकते तेव्हा पुढची लोखंडी झडप धक्क्यावर खाली पडते. आधी मोटरसायकली, मग जीप आणि टेम्पो उलट्या गियरमध्ये आत घेतात, म्हणजे पलीकडे सरळ निघता येतं. ओहोटीला उतार इतका तीव्र होतो की लांब गाडीचं मागचं बूड घासतं. पायी माणसं कठड्याला टेकून उभी. छत्री इथे निरुपयोगी; पाऊस खालून येतो.

खरा घोळ पलीकडे उतरल्यावर. फेरी खासगी, एसटी महामंडळाची, आणि दोघांची वेळापत्रकं एकमेकांना ओळखत नाहीत. धोपाव्याला उतरलात तर गुहागरची गाडी उभी असेलच असं नाही. नसेल तर वडाप, नाहीतर टपरीवर चहा. शेवटचा भरवसा मुक्कामाच्या गाडीवर: रात्री गावात झोपते, पहाटे पहिल्यांदा निघते.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हे उलट दिसतं. ओबनहून कॅलेडोनियन मॅकब्रेनची बोट मल बेटावर क्रेगन्युअरला लागते, तेव्हा बस बोटीच्या वेळेला बांधलेली असते. ती बेट ओलांडून फिओनफोर्टला सोडते, तिथून छोटी बोट आयोना बेटावर. अर्थात तिथेही वारा सुटला की फेऱ्या रद्द, आणि पाऊस चार महिन्यांचा नसून बारमाही. पण बोट आणि बस एकाच प्रवासाचे दोन तुकडे आहेत, हे तिथे कुणीतरी कागदावर मांडलेलं आहे. आपल्याकडे एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आहे, महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. या सवलती खाडीच्या काठाशी संपतात.

लोणी भापकरहून निघणाऱ्याने पुणे गाठून ताम्हिणीने माणगावला उतरावं. भोरकडचा वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा बंदच ठेवतात. माणगावहून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याचा धक्का.

त्या धक्क्याजवळच सावित्रीच्या बाणकोट खाडीवरचा पूल वर्षानुवर्षं रखडलेला आहे. रेवस–रेड्डी सागरी महामार्ग झाला की खाड्यांवर पूल येतील आणि फेऱ्या बहुधा जातील. स्कॉटलंडच्याच स्काय बेटावर १९९५ साली पूल झाला, काइलची फेरी बंद पडली आणि लोकांनी टोल भरायला नकार देत वर्षानुवर्षं भांडण केलं. २००४ च्या डिसेंबरात टोल रद्द झाला. बाणकोटला अजून तिकीट फेरीचंच काढावं लागतं.