गच्चीवरची त्रिकोणमिती (लेखांक ७) : दहा अंशांचा फरक

पूर्व-पश्चिम तोंडाच्या पॅनेलांचा विषय आज घ्यायचा ठरला होता. तो पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण पुण्याच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न मला सोडवत नाही. ते लिहितात : पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणजे पॅनेलचा कल वीस अंशांच्या आसपास हवा, असं तुम्ही सांगितलंत. आमच्या गच्चीवर तर दहाच अंश दिलाय. स्ट्रक्चर उखडून पुन्हा करून घ्यावं का?

मुळीच नको. याचं कारण कोसाइनमध्ये आहे.

किरण पॅनेलवर अगदी लंब पडला तर मिळणारं ऊन १ धरू. तो लंबापासून जेवढे अंश ढळेल, तेवढ्या कोनाचा कोसाइन म्हणजे हाती लागणारं ऊन. १० अंशांना ०.९८५, २० ला ०.९४०, ३० ला ०.८६६. कोसाइनचा माथा सह्याद्रीतल्या पठारासारखा आहे. कड्यापाशी पोचेपर्यंत उतार जाणवतच नाही. शाळेत आपण कोसाइनचे तक्ते पाठ केले, पण त्यातला हा सपाटपणा कुणी दाखवला नाही. मला तर तीच त्यातली सर्वांत कामाची गोष्ट वाटते.

आता पुण्याचा हिशेब. २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून दक्षिणेकडे १८.५ + २३.४, म्हणजे ४१.९ अंश कललेला असतो. वीस अंशांच्या पॅनेलला ०.९२८ मिळतं, दहाच्या पॅनेलला ०.८४९. इथे तोटा दिसतो. पण २१ जूनला सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सुमारे पाच अंश गेलेला असतो. तेव्हा विसाला ०.९०७ आणि दहाला ०.९६६! जूनमध्ये आपल्याकडे ढग येतात, त्यामुळे ही भरपाई पूर्ण पदरात पडत नाही. तरी वर्षाचा तोटा दोन टक्क्यांच्या आसपासच राहतो.

आणि त्या दोन टक्क्यांच्या बदल्यात काय मिळतं, ते पाहा. २.२८ मीटर लांबीचं पॅनेल वीस अंशांवर उभं केलं, की मागची कड पुढच्या कडेपेक्षा २.२८ × साइन २०, म्हणजे ७८ सेंटिमीटर वर जाते. दहा अंशांवर फक्त ४० सेंटिमीटर. २२ डिसेंबरला सूर्यघड्याळाच्या नऊ वाजता सूर्य २९ अंशांवर असतो. त्या वेळी पहिल्या रांगेची सावली उत्तरेकडे किती पसरते? विसाला ९३ सेंटिमीटर, दहाला ४७. म्हणजे दोन रांगांमधली मोकळी जागा निम्म्यावर येते आणि लांबरुंद गच्चीवर एखादी रांग जास्त बसू शकते.

कोन चुकला तर कोसाइन सांभाळून घेतो, सावली मात्र सांभाळून घेत नाही. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात; एकावर सावली आली की त्या साखळीतला प्रवाह त्या एका सेलपुरताच उरतो. बायपास डायोड असतात म्हणून अख्खं पॅनेल बंद पडत नाही, पण नेहमीच्या रचनेत तीन डायोड असतात आणि एक चिंचोळी सावली पॅनेलचा तिसरा हिस्सा घालवू शकते. कोनाचे दोन टक्के कुठे आणि हे कुठे!

दहाच्या खाली मात्र जाऊ नये. पाण्याला ओढ राहत नाही, खालच्या चौकटीशी चिखल साचतो आणि तिथली सेलची ओळ झाकली जाते. सपाट पॅनेलांची शिफारस मी कधीच करणार नाही.

तेव्हा पत्रलेखकांना आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. येत्या २२ डिसेंबरला गच्चीवर जा. पुण्यात सूर्य माध्यान्हीला येतो तेव्हा आपलं घड्याळ १२.३३ च्या सुमाराची वेळ दाखवतं, म्हणून नऊऐवजी साडेनऊला जा. पुढच्या रांगेची, पाण्याच्या टाकीची, शेजारच्या कठड्याची सावली पॅनेलवर येतेय का ते बघा आणि खडूनं खूण करा. सावली पडत असेल तर बसवणाऱ्याला बोलवा. कोनासाठी बोलवू नका.