विहिरीचा घेर आणि विहिरीतलं पाणी

उन्हाळा तोंडावर आला की गोल विहिरीच्या काठावर एक हिशेब हमखास निघतो: आत पाणी आहे तरी किती? त्यासाठी आधी वर्तुळाचं क्षेत्रफळ काढावं लागतं. शाळेतलं ‘पाय आर वर्ग’ बहुतेकांना पाठ असतं. पण त्यातला आर म्हणजे त्रिज्या. ती मोजायला मध्यबिंदू हवा, आणि विहिरीचा मध्य असतो पाण्यावर अधांतरी. घेर मात्र कठड्याभोवती दोर फिरवला की हातात येतो.

म्हणूनच ‘लीलावती’तला नियम मला इथे जास्त कामाचा वाटतो. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला. त्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याचा. नियम असा: व्यासाचा चौथा हिस्सा घ्या आणि त्याला परिघाने गुणा. वर्ग करायला नको, मध्य शोधायला नको.

समजा, विहिरीचा आतला घेर २२ मीटर भरला. त्याला ७ने गुणून २२ने भागलं की व्यास ७ मीटर. सातचा चौथा हिस्सा पावणेदोन. पावणेदोन गुणिले २२ म्हणजे ३८.५ चौरस मीटर. घनमीटरभर पाणी म्हणजे १,००० लिटर, तेव्हा पाण्याच्या प्रत्येक मीटर खोलीमागे ३८,५०० लिटर. विहिरीत तीन मीटर पाणी उभं असेल तर १,१५,५०० लिटर.

दोर बाहेरून फिरवला असेल तर कठड्याची जाडी वजा करायला हवी. अर्ध्या मीटर जाडीच्या कठड्यासाठी बाहेरच्या घेरातून सुमारे ३.१४ मीटर कमी करायचे. विहीर लहान असो की मोठी, हा आकडा बदलत नाही.

पण हा नियम खरा का? याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर कोकणातून आलं. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ पंचांगकर्त्यांना ‘ग्रहलाघव’ या १५२०मधल्या ग्रंथामुळे माहीत आहेत. १५४५मध्ये त्यांनी लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि तिच्यात वर्तुळ अक्षरशः कापून दाखवलं. कागदाचा गोल घ्या. त्याचे दोन समान भाग करा. प्रत्येक अर्ध्याच्या, मध्याकडे टोक असलेल्या, सारख्या अरुंद पाकळ्या करा. आता दोन्ही अर्धी उलगडून सरळ करा. करवतीसारख्या दात्यांच्या दोन पट्ट्या दिसतील. एकीचे दाते दुसरीच्या फटींत बसवा. जवळजवळ आयत तयार होतो. त्याची लांबी अर्धा परीघ, उंची त्रिज्या. पाकळ्या जितक्या बारीक, तितक्या आयताच्या लांब कडा सरळ होत जातात. अर्धा परीघ गुणिले त्रिज्या हेच क्षेत्रफळ, आणि हेच भास्कराचार्यांचं परीघ गुणिले पाव व्यास. कात्री आणि कागद घेऊन मुलांनी हे एकदा केलं की सूत्र पाठ करायची गरजच उरत नाही. प्रत्येक वर्गात सूत्राच्या आधी हा कागद कापला जावा, असं मला मनापासून वाटतं.

राहिला बावीस सप्तमांशाचा प्रश्न. भास्कराचार्यांनी दोन किमती दिल्या: व्यवहारासाठी स्थूल २२/७, आणि सूक्ष्म ३९२७/१२५०. ही दुसरी म्हणजे आर्यभटांच्या ६२८३२/२०००० या अपूर्णांकाचंच छोटं रूप. वरखाली १६ने भागून पाहा. गणेश दैवज्ञांनी वर्तुळात ३८४ बाजूंची आकृती कल्पून ती पटवून दिली. सात मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाण्यामागे २२/७ने सुमारे १५ लिटर जास्त दिसतात, म्हणजे एका बादलीइतके. ३९२७/१२५० वापरलं तर फरक १०० मिलिलिटरही होत नाही.

खरी चूक होते मापात. व्यास ७ऐवजी ७.३५ मीटर धरला, तर मीटरमागे सुमारे ३,९०० लिटर फुकट वाढतात. व्यासातली पाच टक्क्यांची चूक क्षेत्रफळात दहा टक्क्यांहून थोडी जास्त होते, कारण व्यास हिशेबात दोनदा येतो. खोदाईचे पैसे ठरवतानाही हेच लक्षात ठेवावं. व्यास दुप्पट केला तर त्याच खोलीला माती-मुरूम चौपट निघतो, पाण्याची जागाही चौपट होते. दगडी बांधकामाचा घेर मात्र दुप्पटच.

जुन्या विहिरी अनेकदा नीट गोल नसतात. ठरावीक घेरात सर्वांत जास्त क्षेत्रफळ वर्तुळाचंच असतं. म्हणून वेड्यावाकड्या विहिरीचा नुसता घेर धरून केलेला हिशेब नेहमी प्रत्यक्षापेक्षा जास्त पाणी दाखवतो. विहीर साधारण लांबट असेल तर सर्वांत जास्त रुंदी आणि तिला काटकोनात असलेली रुंदी मोजावी, दोन्हींचा गुणाकार करून ११ने गुणावं आणि १४ने भागावं. रुंदी ७ आणि ६.४ मीटर भरली, तर ३५.२ चौरस मीटर. मीटरभर पाण्याचे ३५,२०० लिटर.