माल शेतातला की घरी केलेला?

1954 चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 आला. त्याखालील नोंदणी व परवान्याचे नियम 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाले. मग आपला माल विकायलाही कागद लागतो काय?

शेतावर पिकवलेले भात, भाजी, आंबे, नारळ शेतकऱ्याच्या हाती आहेत तोवर हा कायदा लागू होत नाही. कलम 18 मध्ये तशी सूट आहे. नोंदणीकृत सहकारी डेअरीचा सभासद सगळे दूध डेअरीलाच घालत असेल, तर त्यालाही वेगळी नोंदणी नको.

पण त्याच कैरीचे लोणचे किंवा कोकमाचे सरबत करून विकू लागलो की तो धंदा झाला. तो घरातून चालला तरी नोंदणी हवी. फेस्ताला मांडलेला खाण्याचा स्टॉलही यातच येतो. 2011 च्या नियमांत वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी व त्यापुढे परवाना अशी सीमा होती. नोंदणीचे शुल्क वर्षाला 100 रुपये होते. अर्ज करताना चालू मर्यादा व दर विचारून घ्यावेत.

नोंदणीचा 14 आकडी क्रमांक व माल केल्याची तारीख पाकिटावर घालावी. पाणी पिण्यालायक असावे, भांडी झाकलेली असावीत. हाताला जखम असलेल्याने किंवा जुलाब होत असलेल्याने अन्नाला हात लावू नये. नुसता कागद घेऊन भागत नाही. खाणाऱ्याला अपाय होऊ नये, हाच नियमांचा हेतू आहे.