सत्तरीच्या उंबरठ्यावर हाती आला कुंचला

जबलपूरहून कटनीमार्गे बिलासपूरकडे जाणारी गाडी वाटेत उमरियाला थांबते. बांधवगडचे वाघ पाहायला निघालेली मंडळी बऱ्याचदा इथेच उतरतात. याच उमरिया जिल्ह्यातल्या लोढा या खेड्यात जोधैयाबाई बैगा यांचे सारे आयुष्य गेले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या आदिवासी बाईंनी पहिल्यांदा कुंचला धरला, तेव्हा त्यांची सत्तरी जवळ आली होती. ज्या वयात आपल्याकडच्या आजीबाई जपमाळ शोधतात, त्या वयात!

तोवरचे दिवस कष्टाचेच होते. पतीचे निधन झालेले, पदरी मुले आणि हातात मोलमजुरी. जंगलातून लाकूडफाटा गोळा करायचा, तो विकायचा आणि चूल पेटती ठेवायची. रंगांशी संबंध आला तर तो घराच्या सारवलेल्या भिंतीपुरता.

शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार आशीष स्वामी यांनी २००८च्या सुमारास लोढ्यात ‘जनगण तस्वीरखाना’ नावाची चित्रशाळा सुरू केली. गावातल्या बैगा स्त्री-पुरुषांनी तिथे यावे, मनातले रंगवावे, एवढीच कल्पना. स्वामींनी जोधैयाबाईंनाही बोलावले. आता, आयुष्यभर कोयता आणि मोळी सांभाळलेल्या बाईपुढे एकदम कोरा कागद ठेवला, तर ती बावरणार नाही का? म्हणून सुरुवात झाली ती जमिनीवर रांगोळीसारख्या आकृत्या काढण्यापासून. मग आले दुधी आणि दोडके! त्यानंतर लाकूड आणि सगळ्यात शेवटी कागद व कॅनव्हास.

दुधीवर चित्र काढणे ऐकायला गमतीचे वाटते, पण घरी करून पाहावे. पूर्ण वाळलेल्या दुधीची साल लाकडासारखी टणक होते, आतल्या बिया खुळखुळतात आणि रंग चांगला धरतो. मात्र त्याला कागदासारखे चार कोपरे नसतात. मांडीवर घेऊन फिरवत फिरवत रंगवावे लागते. मागे काढलेले झाड पुढे येईपर्यंत नजरेआड झालेले असते. आधी आराखडा करून मग रंग भरण्याची शाळकरी पद्धत इथे फारशी कामाची नाही. हाताला जे सुचेल, ते वळणावळणाने पुढे न्यायचे. चित्रकलेचे शिक्षण झालेला माणूस इथे कदाचित अडखळेल. जोधैयाबाईंना शिकलेले काही विसरायचेच नव्हते.

आणि विषय? ते शोधायला त्यांना कुठे जावे लागले नाही. मोहाचे झाड, पशुपक्षी, भोलाशंकर आणि वाघ. बैगा स्वतःला या जंगलाचे जुने राखणदार मानतात. धरणीमातेच्या पोटात नांगर खुपसू नये, अशी त्यांची पूर्वापार श्रद्धा. त्यामुळे जंगलाचा तुकडा जाळून राखेत बी फेकण्याची ‘बेवर’ शेती ते करत. वाघाशीही त्यांचे नाते भीतीपेक्षा भाऊबंदकीचे. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ साली बैगांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही हे सारे आले आहे. शिवाय बैगा बायकांच्या कपाळापासून पायापर्यंत गोंदण असते. रेषा म्हणजे काय, हे त्यांना कुणी वेगळे सांगायला नको.

याच टापूत आधी एक मोठी गोष्ट घडून गेली होती. पूर्वीच्या मंडला, आताच्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढच्या जनगढ सिंह श्याम या गोंड तरुणाचे काम १९८१ मध्ये जगदीश स्वामिनाथन यांच्या भारत भवनच्या मंडळींना दिसले आणि त्याची चित्रे पुढे परदेशी पोहोचली. पण जनगढ तेव्हा ऐन विशीत होता आणि तो भोपाळला गेला. जोधैयाबाई गावातच राहिल्या. बैगांच्या चित्रांना गोंड चित्रांइतके नावही नव्हते. ते मिळवून देण्यात या म्हातारीचा वाटा मोठा आहे.

२०१९ मध्ये त्यांची चित्रे इटलीत मिलानच्या प्रदर्शनात लागली. सगळे मार्गी लागले असे वाटत असतानाच २०२१ मध्ये कोरोनाने आशीष स्वामींना नेले. वय ऐंशीच्या पुढचे, हात धरून रंगांच्या वाटेवर आणणारा गेलेला. इथे कुणीही कुंचला खाली ठेवला असता. जोधैयाबाई रंगवत राहिल्या.

२०२२च्या जागतिक महिलादिनी त्यांना ‘नारी शक्ती पुरस्कार’ मिळाला. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पद्मश्री स्वीकारायला त्या दिल्लीला गेल्या. एका आदिवासी स्त्रीच्या हातून दुसऱ्या आदिवासी स्त्रीचा झालेला हा सन्मान पाहून उमरियाच्या पाड्यापाड्यांवर काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

१५ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षाच्या आसपास जोधैयाबाईंचे निधन झाले. चित्रांसाठी त्यांना मिळाली होती जेमतेम सोळा वर्षे.