पाठीत उसण भरली तर

उसण भरणे म्हणजे काय, हे खेड्यात कोणाला सांगावे लागत नाही. पोते उचलायला माणूस वाकतो, आणि कमरेत एकदम चमक निघते. मग वाकलेला सरळ होत नाही, आणि सरळ झालेला वाकत नाही. नुसता खोकला आला तरी जीव कळवळतो.

ज्याचे हातावर पोट आहे, त्याचे चार दिवस असे बसून गेले तर चार दिवसांची मजुरी बुडते. म्हणून तो घाईने उपाय शोधतो. कोणी म्हणतं, तेल चोळून घे. कोणी म्हणतं, बिब्बा घाल. कोणी पायाळू माणसाची लाथ पाठीवर घ्यायला सांगतं. आणि हल्ली शहरात गेलं, तर सुया टोचून पाठदुखी बरी करणारेही भेटतात. यातले काय करावे आणि काय टाळावे? आम्ही ते इथे एकेक करून सांगतो.

पाठीत असते काय?

पाठीच्या मधोमध हात फिरवा. हाताला गाठी गाठी लागतात. ते मणके. मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५ मणके असतात. त्यांच्या खाली माकडहाडाचा भाग येतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट गादी असते. बैलगाडीला कमान असते ना, तसे या गाद्यांचे काम. धक्का बसला की त्या झेलतात. मणक्यांच्या दोन्ही अंगांना स्नायूंचे जाड पट्टे असतात. ते पाठ ताठ धरतात.

स्नायूवर एकाएकी ताण पडला की तो आखडतो. जणू दुखऱ्या जागेभोवती तो कुंपणच घालतो. ही आखडलेली पाठ म्हणजे उसण. कधी कधी मधली गादी सरकते आणि शिरेवर दाब येतो. तेव्हा कळ कुल्ल्यातून पायात उतरते.

चोळण्याआधी हे पाहा

सगळीच पाठदुखी उसण नसते. म्हणून तेलाची वाटी घेण्याआधी खालच्या खुणा पाहा.

लघवी तुंबली, किंवा लघवी-संडास न कळत होऊ लागली. दोन मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली. पायातली शक्ती गेली, चप्पल पायातून निसटू लागली. यांपैकी एक जरी झाले, तरी त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठा. शीर दबून राहिली तर पाय कायमचा अधू होऊ शकतो.

माणूस झाडावरून, माडीवरून किंवा गाडीवरून पडला आणि मग पाठ दुखू लागली, तर चोळू नका. त्याला उठवून बसवू नका. मणका मोडलेला असू शकतो. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा.

पाठ दुखते, संध्याकाळी ताप चढतो, अंग उतरत चालले आहे, रात्री घाम येतो. ही मणक्याच्या क्षयाची खूण असू शकते. क्षय फक्त छातीत होतो असे नाही. त्याची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

छातीत दाबल्यासारखे होते, कळ पाठीत, जबड्यात किंवा हातात जाते, घाम सुटतो, तर ती उसण नव्हे. तिथे हृदयाचा धोका आहे. तेल चोळण्यात वेळ घालवू नका.

यातले काहीच नसेल, तर घाबरू नका. पुढे वाचा.

उसण उतरते कशी?

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बहुतेक उसण आपोआप उतरते. काहींची चार-आठ दिवसांत, बऱ्याच जणांची महिन्या-दीड महिन्यात. आखडलेला स्नायू हळूहळू सैल होतो.

म्हणूनच तर पायाळू माणसाला मान मिळतो! उसण भरून चार दिवस झाले, पाचव्या दिवशी त्याची लाथ घेतली, सहाव्या दिवशी पाठ मोकळी झाली. आपण म्हणतो, लाथेने गुण आला. पण लाथ घेतली नसती तरी पाठ मोकळी व्हायचीच होती. पायाळूने नुसता पाय टेकवला तर बिघडत नाही. खरी लाथ मारली, आणि आत मणका कच्चा असला, तर मात्र दुखणे दुप्पट होईल. पाठीवर पोराला उभे करून तुडवून घेण्याचेही तसेच.

पूर्वी डॉक्टरही म्हणत, आठ-पंधरा दिवस पडून राहा. आता तसे सांगत नाहीत. पडून राहिले की स्नायू आणखी ताठरतात. फार दुखत असेल तर एक-दोन दिवस विसावा घ्या. मग घरात, अंगणात, वाटेवर थोडे थोडे चाला. जड कामाला मात्र लगेच हात घालू नका. झोपताना कुशीवर झोपा आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये वाकळेची घडी ठेवा. कमरेला आराम पडतो.

चोळणे आणि शेकणे

ठेच लागली की आपला हात आपोआप तिथे जातो आणि आपण ती जागा चोळतो. कोणी शिकवले हे? कोणीच नाही. हाताचा स्पर्श शिरांतून मेंदूकडे जातो, आणि त्या स्पर्शापुढे दुखण्याची जाणीव थोडी मागे पडते. चोळण्याचा गुण काही अंशी यातच आहे.

तेल कोणते? तिळाचे, करडईचे, खोबऱ्याचे, घरात असेल ते. तेलाने हात सरकतो, कातडी ओरबाडत नाही. महागड्या बाटलीची गरज नाही. चोळणाऱ्याने तळहाताने, सावकाश, मणक्यांच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर चोळावे. मणक्यांवर जोर देऊ नये. दुखणाऱ्याने “बास” म्हटले की थांबावे. जितके कळवळावे तितका गुण, हा समज खोटा आहे.

शेकाने रक्त खेळते आणि स्नायू सैल पडतो. तव्यावर मीठ गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधा, किंवा गरम पाण्यात कापड पिळून घ्या. पंधरा-वीस मिनिटे शेका. आधी आपल्या हाताला लावून पाहा. साखरेचा आजार असलेल्यांच्या कातडीला कधी कधी चटका कळत नाही. त्यांचा शेक दुसऱ्याने हात लावून पारखावा.

बिब्बा घालू नका. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते, फोड येतात, जखम चिघळते. डाग देण्याचेही तेच. आधीच पाठ दुखते, तिच्यावर भाजल्याचे दुःख कशाला?

एकच पिंढरी सुजली, लाल झाली, दुखू लागली, तर तीही चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाते आणि जीवावर बेतते.

आणखी एक. दुकानातून वेदनेची गोळी आणून रोज खाणारे पुष्कळ आहेत. उपाशीपोटी आणि वरचेवर घेतलेल्या गोळीने पोटात व्रण होतो, मूत्रपिंड बिघडते. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

सुयांचा उपचार

महिने लोटले तरी पाठ दुखतेच, असेही काही जण असतात. त्यांना कोणीतरी सांगते, सुया टोचून घ्या. या उपचाराला अॅक्युपंक्चर म्हणतात. तो चीन देशातला. दोन हजार वर्षांहून जुना.

तो आपल्याकडे आला, त्याचा धागा सोलापूरपर्यंत पोचतो. सन १९३८ मध्ये चीनवर जपानने चढाई केली होती. तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली तिथेच वारले. त्याच पथकात बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. ते पुढे पुन्हा चीनला गेले, तिथे हा सुयांचा उपचार शिकले, आणि परत येऊन कलकत्त्यात तो करू लागले.

ही सुई इंजेक्शनची नव्हे. ती पोकळ नसते आणि तिच्यातून औषध जात नाही. ती केसासारखी बारीक असते. ठरलेल्या जागी टोचून काही वेळ तशीच ठेवतात. जुने चिनी वैद्य म्हणत, अंगात प्राणशक्तीचे मार्ग आहेत, ते तुंबले की दुखते. आजच्या शास्त्राला असे मार्ग शरीरात सापडलेले नाहीत. पण सुई टोचल्यावर शरीर स्वतःच वेदना कमी करणारे काही पदार्थ सोडते, असे प्रयोगांत दिसले आहे.

मग गुण येतो का? जर्मनीत याची मोठी चाचणी झाली. ती २००७ साली छापून आली. जुनी पाठदुखी असलेले अकराशेहून जास्त लोक घेतले आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला ठरलेल्या जागी सुया टोचल्या. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर टोचल्या. तिसऱ्याला नेहमीची औषधे आणि व्यायाम दिला. सहा महिन्यांनी पाहिले. पहिल्या गटात शंभरातल्या सुमारे ४८ जणांना उतार पडला. दुसऱ्या गटात ४४ जणांना. तिसऱ्या गटात २७ जणांना.

याचा अर्थ काय? सुयांनी काही लोकांना आराम पडतो, हे खरे. पण जागा अचूक असण्याने फार फरक पडला नाही. टोचणे, कोणीतरी लक्ष देऊन बघणे, आणि आता बरे वाटेल हा भरवसा, या सगळ्यांचा मिळून तो गुण असावा. तेव्हा कोणी म्हणाला, सुयांनी क्षय, साखर, कर्करोग बरा करतो, तर तिथून उठून या.

सुया टोचून घ्यायच्याच असतील, तर दोन गोष्टी विचारा. पहिली, नोंदणी आहे का? महाराष्ट्रात या उपचाराचा २०१५ चा कायदा आहे. दुसरी, सुई नवी आहे का? बंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर काविळीचे आणि एड्सचे विष रक्तात जाऊ शकते. विचारायला लाजू नका. जीव आपला आहे.

उसण भरूच नये म्हणून

ओझे अंगापासून जितके लांब, तितका कमरेवर भार जास्त. पोते उचलताना त्याच्या अगदी जवळ उभे राहा. पाय फाकवा. कमरेत नव्हे, गुडघ्यांत वाका. ओझे छातीशी धरा आणि पायांच्या जोरावर उठा. ओझे हातात असताना कंबर पिळू नका, पाय वळवून फिरा. मोठ्या पोत्याला दोघांनी हात लावा. त्यात कमीपणा नाही.

निंदणी, लावणी करताना बाया तासन्‌तास वाकलेल्या असतात. अर्ध्या तासाने उभे राहावे, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे झुकावे. पाण्याचा एक मोठा हंडा आणण्यापेक्षा दोन खेपा बऱ्या. आणि घरातल्या पुरुषाने एक खेप केली, तर आणखी बरे.

बैल लंगडला तर आपण त्याला जुंपत नाही. आधी खूर पाहतो, मग उपाय करतो. आपल्या पाठीलाही तेवढीच माया दाखवा. आधी पाहा, मग हात लावा.